बायजाचे चोवीस खडे

पगाराच्या दिवशी सकाळी बायजानं उंबऱ्याच्या आत चोवीस खडे मांडले. ती धरणाकाठच्या ताम्हिणीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची, तेव्हा खड्यांना काय तोटा! एक खडा म्हणजे एक रुपया. नाचणी-तांदळाला बारा, तेल-मिठाला चार, रॉकेलला एक, जयाच्या परकराला दोन, अडीअडचणीला तीन. उरलेले दोन तिनं सवयीनं चुलीकडच्या कोपऱ्यात सरकवले.

"त्ये कशाचं गं आई?" सहा वर्षांच्या जयानं विचारलं.

"असू दे," म्हणत ती हातोडी घेऊन निघाली.

धाकलूशी काडीमोड होऊन महिना झाला होता. पाच पंचांसमोर गवताची काडी मोडली, पंचांची पानसुपारी झाली आणि बारा वर्षांचा संसार संपला. आठवड्याच्या आत त्यानं पिराजीच्या बहिणीशी, कमळशी, पाट लावला. लाज नाही, शरम नाही! लावू दे म्हणा. बायजाला त्याचं काही नको होतं. तिला फक्त तिच्या चोवीस दिवसांचे चोवीस रुपये हवे होते, कारण आता घरात येणारा पैसा तेवढाच.

पगाराच्या रांगेत तिची पाळी आली तेव्हा कोंडिबा मुकादमानं हजेरीच्या मस्टरातून मान वर केली नाही.

"तुजा पगार धाकलूनं उचलला, बायजे."

"त्येनं? का म्हनून?"

"मस्टरात नवरा-बायकूची जोडी त्येच्या नावावर हाय. अंगठा त्येचाच चालतो."

बायजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकलू तिथंच झाडाखाली, नव्या मेव्हण्याशेजारी, पिराजीशेजारी, तंबाखू मळत बसला होता. आणि हा कोंडिबा! काडी मोडणाऱ्या पाच पंचांतला एक हाच की!

"मामा, काडी तुमच्याच म्होरं मोडली न्हवं? पान खाऊन त्वांड रंगलं व्हतं तुमचं. तवा डोळं उघडं व्हतं, आन पगार वाटताना मिटलं व्हय?"

"सरकारी मस्टरात काडी दिसत न्हाई, बाई," कोंडिबा हसला. रांगेतले दोघे-चौघेही हसले.

त्या हसण्यानं ती पेटलीच.

"बरं! मस्टरात जोडी हाय, म्हंजी मी आजून त्येची बायकू हाय. मग आज सांजच्याला पोरीला घिऊन त्येच्याच चुलीम्होरं बसते. पिराजीदादा, कमळला सांगा, तिचा पाट खोटा. मुकादमानंच सांगितलंय समद्यांम्होरं!"

पिराजी ताडकन उठला. "मुकादम, ह्ये काय? काडी मोडली म्हनून तुमीच पाट लावून दिला न्हवं?"

कोंडिबाचं हसू मावळलं. "आरं, तसं न्हाई..."

"मग कसं?" बायजा कडाडली. "एक कायतरी बोला! बायकू हाय का न्हाई?"

"न्हाई," कोंडिबा पुटपुटला.

"मग लिवा. बायजा, येगळी."

त्यानं मुकाट्यानं लिहिलं. बारा वर्षांत बायजानं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. गावात कुठली बाई काढते? आज तिनं धरणाच्या पाण्यापलीकडं जाईल एवढ्या आवाजात ते घेतलं.

"धाकलू! ए धाकलू! माझं पैसं आन हिकडं!"

धाकलूचं तोंड उघडं ते उघडंच. पिराजीनंच त्याच्या खिशात हात घातला आणि नोटा तिच्यापुढं धरल्या. बावीसच निघाल्या; त्याचा स्वतःचा पगार आधीच्या उचलीपोटी कापला गेला होता. तिच्यातल्या दोन त्यानं एवढ्यात उडवल्या होत्या.

घरी पोचली तरी तिचा राग उतरला नव्हता. आता दोन खडे कमी करायचे होते. धान्यातले काढावेत, तर महिनाअखेरीला उपास. परकराचे काढावेत, तर पोर फाटक्यात. चरफडत ती चुलीकडं वळली, आणि कोपऱ्यातल्या दोन खड्यांवर तिची नजर गेली.

बारा वर्षं दर महिन्याला हे दोन रुपये ती बाजूला काढत आली होती. आज सकाळीही काढले. त्याच्या तंबाखूचे.

आता मात्र तिला स्वतःचाच असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं दोन्ही खडे उचलले आणि दारातून भिरकावले.

"आई, कशाचं व्हतं गं त्ये?"

"कशाचं न्हाई. ऱ्हायल्यालं मोज."

जयानं एकेका खड्यावर बोट ठेवत मोजले. बावीस भरले.