साहेबांच्या टाकीतली वाळू

ही गोष्ट कोणालाही पटणार नाही, हवं तर पैज लावा. एका माणसाने जन्मभर अख्ख्या बंदराचा तळ उपसला आणि म्हातारपणी घरातल्या काचेच्या टाकीत तो बुडाला. पाणी दंडापर्यंतच होतं, तरी बुडाला.

भाचरं त्यांना बंडलमामा म्हणत. नोकरी गाळ काढणाऱ्या बोटीवर. त्या चिखलातून मामांनी काय काय वर काढलं हे ऐकताना जेवणाऱ्यांचे हात ताटातच वाळायचे. एकदा म्हणे बुडालेलं आगगाडीचं इंजिन निघालं आणि भट्टीतले निखारे अजून लाल!

"मग मामा, तुम्ही काय केलंत?"

"करतो काय? विडी पेटवून घेतली."

धाकटी बहीण मात्र मान वर न करता विचारायची, "भात वाढू का दादा, की थापांनीच पोट भरलं?"

टाकी तिच्या नवऱ्याची. खाऱ्या पाण्याची, भिंतभर लांब. नवरा गेला, मग एकेक करून मासेही गेले. उरला एक पिवळाधमक, बशीसारखा चपटा मासा. काचेलगत सावकाश फेऱ्या मारत तपासणीला आल्यासारखा हिंडायचा, म्हणून भावजींनी त्याचं नाव साहेब ठेवलेलं. खुब्याच्या ऑपरेशनला निघताना बहिणीने मामांना बजावलं, "घराचं काय व्हायचं ते होऊ दे. साहेब तेवढे सांभाळ, खाणं चिमटीत धरून भरव त्यांना. परत आल्यावर ते दिसले नाहीत ना, तर मी उठायची नाही बघ."

मामांनी सांभाळलं असतं हो. पण रिकामे हात त्यांना चावायचे. टाकीतली वाळू जुनी, वरून तपकिरी, आणि काचेतून पाहिलं तर खाली काळा पट्टा. बहीण कधीतरी म्हणाली होती, "हे असते तर असा अवतार झाला नसता टाकीचा." मामांच्या मनाने घेतलं: ती यायच्या आत तळ चकचकीत पांढरा करायचा.

दुकानदाराने नवी वाळू दिली आणि सोबत तंबीही. "काका, एकदम काढू नका. एक पट्टा काढा, काही आठवडे थांबा, मग दुसरा. जुन्या वाळूत बारीक जीव असतात, पाणी तेच साफ ठेवतात. आणि तो काळा थर ढवळू नका. विष आहे ते."

"अहो, मी बंदर उपसलंय," मामा म्हणाले. "अर्धा गाळ ठेवला तर तो घसरून पुन्हा खड्ड्यातच येतो. काढायचा तर सगळा."

"मग मासा तरी दुसऱ्या पाण्यात हलवा."

"बंदरातले मासे आम्ही आधी हलवायचो की काय?"

दुकानदार हसला. मामांच्या बोलण्यावर माणसं हसतात आणि विषय संपतो, हीच तर सगळी रड.

बाह्या सारून त्यांनी आमटीचा डाव वाळूत घातला. पहिल्या फटक्यात वरची वाळू निघाली, दुसऱ्यात काळी. सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की मामांनी नाक दंडावर दाबलं. पण बंदरातला गाळ याहून घाण वास मारायचा, तेव्हा थांबतो कोण? बादलीमागून बादली भरली. पाणी शाईसारखं झालं. साहेब कुठे आहेत ते दिसेना. मामा गाळाला शिव्या देत राहिले, अगदी खुशीत, जवानीतल्यासारखे. मग धुतलेली पांढरी वाळू ओतली आणि पाणी निवळायची वाट बघत बसले.

पाणी निवळायच्या आधीच साहेब वर आले. तोंड पाण्याबाहेर, कल्ले भात्यासारखे चाललेले. अंगाचा पिवळा रंग उतरून जुन्या कागदासारखा झालेला. मामांनी पंप वाढवला, दुकानदाराला फोन लावला, तो उचलेना. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी पाणी घुसळायला घेतलं, हवा मिसळावी म्हणून. "जरा दम धरा, साहेब. ती येऊ दे. मग काय करायचं ते करा." पोलादाच्या दोरखंडांशी खेळलेले ते हात भरून आले, तरी थांबले नाहीत. साहेब एका कुशीवर झाले आणि मामांच्या तळहाताला येऊन टेकले. त्यानंतर हलले ते फक्त मामांनी पाणी हलवलं म्हणून.

रुमालात गुंडाळून मामांनी साहेबांना मागच्या कुंडीत पुरलं. टाकीतल्या दगडाआड राहणारे दोन-चार चिमुकले खेकडेही उलटे पडलेले. तेही त्याच कुंडीत.

बहीण आली ती वॉकर टेकत थेट टाकीसमोर. तळ असा पांढरा की डोळे दिपावेत, आणि वर नुसतं पाणी. ती बघत राहिली.

"साहेब कुठेयत?"

मामांनी खुर्ची सरकवली, तिला बसवलं आणि घसा खाकरला. खरं तोंडाशी आलं होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि जन्मभराची सवय मदतीला धावली.

"तुला खोटं वाटेल. वाळू बदलत होतो. साहेब वर आले आणि माझ्याकडे बघितलं. असं, वरिष्ठ बघतात तसं. मग खिडकीकडे. खाली खाडीला भरती, पाणी कसं उन्हात लखलखत होतं! मी म्हटलं, 'साहेब, विचार काय आहे?' पुन्हा एकदा पाणी बघितलं, अंतर मोजलं, आणि मारली की उडी! पडद्याला शेपटी घासून गेली बघ. मी खिडकीशी धावलो, तर खाली पिवळी रेघ बंदराकडे चाललेली. वळणावर थांबून मागे बघितलं त्यांनी. हात असता तर हलवला असता."

बहिणीच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. मामांना जोर चढला. "आता तिथेही इथल्यासारखेच, कोणाची तपासणी करत फिरत असतील कोण जाणे..."

"खोटं बोलतोयस दादा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मामांचं वाक्य तिथेच तुटलं. "साहेबांना दिसत नव्हतं रे. दोन्ही डोळे गेले होते त्यांचे, मी कोणाला सांगितलं नाही. चिमटीत धरून भरव म्हटलं होतं, ते कशासाठी?"