बॉनेटमधली चेटकीण

वेंची गावाच्या गाडीतळावर त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध चालक आसियामाची जुनी ट्रोट्रो उभी होती. गावोगावचे उतारू वाहणारी ती गाडी दमेकऱ्यासारखी खोकत होती. भक्, भक्, फुस्स! पुढ्यात पांढऱ्या झग्यातले धर्मोपदेशक प्रॉफेट बोआमा गरजत होते.

"सैताना, पिस्टनमधून नीघ! सायलेन्सरमधून नीघ!"

"गॅरेजात होते की काय हे पूर्वी?" एक केळीवाली पुटपुटली. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं.

आसियामाचा धाकटा भाऊ डोंकोर याने बॉनेट उघडलं आणि आत वाकून मंतरलेलं तेल शिंपडलं. इंजिन लागलीच एका सुरात चालू झालं! 'आमेन'चा गजर उठला. आसियामाने गुडघे टेकले. खोकणाऱ्या गाडीत कुणी बसेना, घरात चूल पेटायची पंचाईत झाली होती.

"पण चेटकीण तुझ्याच घरात आहे," प्रॉफेट म्हणाले. "म्हातारी आहे. पहाटे गाडीवर हात ठेवते."

म्हणजे आब्राफी मावशी. आई गेल्यावर कसावाचे कंद विकून दोघा भावांना तिनेच वाढवलं होतं. "सुखरूप ये रे," म्हणत ती रोज पहाटे बॉनेटवर हात ठेवायची.

संध्याकाळी आसियामाने तिचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. मावशीने विचारलं, "तुलाही तसंच वाटतं?" त्याने दार लोटून घेतलं. गल्लीतून पहिला दगड आला, तशी ती दूरच्या भाचीच्या गावाकडे चालू लागली.

काही दिवसांनी टेचिमन गावच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आदळली आणि पुन्हा सुरू झालं, भक्, भक्! आसियामाने गाडी कडेला घेतली.

"मावशीचा हात एवढ्या लांब पोचला!"

उतारूंमध्ये तंत्रशाळेत मोटारीचं काम शिकवणाऱ्या टँडोबाई होत्या. "आधी बॉनेट उघडा," त्या म्हणाल्या. "फक्त चढावर खोकते, की उभ्या उभ्यासुद्धा?"

"उभ्या उभ्यासुद्धा."

"फक्त चढावर खोकली असती, तर आधी तुंबलेला फिल्टर पाहिला असता. पेट्रोलात पाणी असेल, प्लग काजळला असेल, तरी गाडी अशीच खोकते. पण हा सूऽऽ आवाज ऐका."

एक रबरी नळी निसटून लोंबत होती. बाईंनी ती जागेवर दाबली. खोकला थांबला.

"इथून फालतू हवा आत शिरते आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. नळीवर पकड असते, ती कुठंय? ती स्क्रू सोडवल्याशिवाय निघत नाही. या इंजिनात हात कोण घालतं?"

आसियामा आठवू लागला. डोंकोरखेरीज कुणी नाही. आणि प्रार्थना चालू असताना आत वाकला होता, तोही डोंकोरच! तेल शिंपडता शिंपडता त्यानेच नळी परत दाबली होती.

दुसऱ्या दिवशी गाडीतळावर, सगळ्यांच्या देखत, बाईंनी नळी उपसली. गाडी खोकू लागली. "प्रॉफेट, आता करा प्रार्थना. पण तेल शिंपडायला डोंकोर जाणार नाही."

प्रॉफेट घसा बसेपर्यंत गरजले. गाडी खोकतच राहिली. बाईंनी बोटाने नळी दाबली आणि गाडी गप्प झाली.

"आमेन!" केळीवाली खणखणीत म्हणाली. लोक हसले. प्रॉफेट झगा सावरत सटकले.

आसियामा मात्र हसला नाही. त्याने भावाची कॉलर धरली. "का रे?"

"तिची खोली रस्त्याला लागून होती, दादा. दुकान काढायचं होतं मला. ती सोडत नव्हती. म्हणून प्रॉफेटच्या कानात मीच घातलं."

"तिनं भरवलं रे आपल्याला!"



आसियामा गाडी घेऊन तडक मावशीकडे गेला. तिच्या कपाळावर दगडाची खूण होती. तो पायाशी बसून रडला. "डोंकोरनं फसवलं, मावशी. घरी चल."

"त्यानं तुला फसवलं," ती म्हणाली. "पण मला बाहेर कुणी काढलं? गाडी बिघडली, तर गाडी उघडून बघायची. माणसावर आळ घ्यायचा, तर पुरावा मागायचा. तू काहीच मागितलं नाहीस, बाळा."

तिने त्याला पाणी दिलं. पण ती गाडीत बसली नाही.