मध्यंतराची घंटा

फोन हा टीव्ही धरायचा की नाही, या प्रश्नावर आमच्या फालेसीनाच्या गावसभेत मागच्या वर्षी तीन सोमवार गेले होते. कायदा जुना आहे. संध्याकाळी साडेसहाला प्रार्थनेची घंटा झाली, म्हणजे सा सुरू झाली, की रस्त्यावर माणूस दिसता कामा नये आणि घरात टीव्ही चालू दिसता कामा नये. हा कायदा झाला तेव्हा गावात टीव्ही होते दोन. पुढे पोरं फोनवर मॅच बघायला लागली आणि पकडलं की डोळे मोठे करून विचारायची, "हा कुठे टीव्ही आहे?" शेवटी तिसऱ्या सोमवारी माझ्या सासऱ्यांनी निकाल दिला.

"ज्याच्यात माणसं हलतात आणि ती माणसं आपल्या घरातली नाहीत, तो टीव्ही."

वाइफाले ही माझ्या सासऱ्यांची पदवी. चार लोकांत सासूबाईसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारतात. सावाई बेटाच्या या बाजूला त्यांच्याइतकी लांब प्रार्थना कुणी करत नाही. आजारी, म्हातारे, समुद्रावर गेलेले, परदेशी गेलेले, सगळे मंत्री, झालंच तर विरोधी पक्षही. कुणी म्हणून सुटत नाही.

आणि यंदा माझ्या भावाची मॅच नेमकी सहा वाजता आली.

पेनीआमिनाला मी कडेवर वाढवलाय. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा आणि मी दहाची. मी कपडे धुवायची तेव्हा तो ओढ्याच्या काठाला नारळाची सोडणं काखेत मारून पळत सुटायचा आणि माझ्या धुतलेल्या कपड्यांवर धाडकन पडायचा. तोच आता देशाच्या रग्बी संघात होता. पहिल्यांदाच, टोंगाविरुद्ध, फिजीत. पहिल्या पंधरात नव्हता, राखीव होता, एकवीस नंबरचा. कुणी जखमी झालं किंवा दमलं, तरच उतरणार.

फोनवर म्हणाला, "ताई, मी मैदानात पाऊल टाकलं ना, की डाव्या मनगटावरची पट्टी वर करून दाखवणार. तिच्यावर लांगीचं नाव लिहिलंय. तू बघ हं. नंतर नाही. तेव्हाच बघ."

लांगी माझी मुलगी. पाच महिन्यांची. तिच्या मामाने तिला अजून पाहिलेलं नाही.

मी "बघते" असं म्हणून बसले. सहाला मॅच आणि साडेसहाला सा, हे फोन ठेवल्यावर डोक्यात आलं.

लग्न होऊन दुसऱ्या गावात आलेल्या बाईने तिथल्या कायद्याबद्दल बोलायचं नसतं. कोको उकळायचा, ताटं पुढे करायची, लोकांच्या मागून चालायचं. म्हणून मी नवऱ्याला पुढे केलं. सेमीसीने जेवताना हळूच विषय काढला.

"बाबा, शनिवारी पेनीची मॅच आहे. फक्त त्या दिवशी..."

"नंतर बघा," बाबा म्हणाले. "तुमच्या फोनात सगळं साठवून ठेवता येतं ना? मला सांगत असता, बाबा, आता वेळेचं बंधन राहिलं नाही, कधीही काहीही बघता येतं. मग बघा की कधीही."

सेमीसीचेच शब्द होते ते. मागच्या महिन्यात नवीन फोन घ्यायचा होता तेव्हाचे.

मी लांगीला पंख्याने वारा घालत होते. कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "बाबा, पण झालेल्या गोष्टीसाठी प्रार्थना कशी करायची? तो आधीच पडला असेल, गुडघा मोडून घेऊन बसला असेल, आणि मी नंतर बघताना देवाला म्हणू, त्याला सांभाळ?"

सगळे जेवायचे थांबले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग लांगीकडे पाहिलं, मग तारोच्या कंदाचा तुकडा तोंडात घातला. मला रात्रभर वाटत राहिलं, तोंड शिवून घ्यावं.

सकाळी सासूबाई माझ्याशेजारी येऊन लांगीच्या लंगोटांच्या घड्या घालायला लागल्या. सालोमे त्यांचं नाव, गावच्या महिला मंडळाच्या प्रमुख.

"रग्बीत मध्यंतर असतं ना गं?"

"हो, आई."

"किती वेळाचं?"

"पंधरा मिनिटं."

"आणि सा किती वेळाची?"

"ते..." मी अडखळले. "ते बाबांवर आहे."

सासूबाई इतक्या हसल्या की लांगी दचकली. "ते मी बघते," म्हणाल्या.

सोमवारी सभेत मी मागे कोको ढवळत बसले होते. खांबाखांबाला टेकून गावचे प्रमुख बसलेले. शाळेच्या गुरुजींनी महिला मंडळाचा निरोप वाचला: या शनिवारपुरती सा मध्यंतराला घ्यावी. झाला कल्ला सुरू.

"आज रग्बीसाठी घंटा हलवली, उद्या मालिकेसाठी हलवाल!"

"मालिकेला मध्यंतर नसतं हो."

"जाहिराती असतात की!"

"लोतोवाईची सा सातला असते. त्यांच्यावर काय वीज पडली का?" लोतोवाई म्हणजे खाडीपलीकडचं गाव.

"लोतोवाईचं नाव काढू नका इथे!"

"मी म्हणतो, तो टीव्हीचा काळा डबाच गावाबाहेर काढा. जुना अँटेना होता तेव्हा कुणाला काही दिसतच नव्हतं, म्हणून भांडणंही नव्हती."

मग बाबांनी हातातली माश्या हाकायची झाडणी खांद्यावर टाकली. म्हणजे आता ते बोलणार.

"झालेल्या गोष्टीसाठी प्रार्थना करता येत नाही," ते म्हणाले.

माझ्या हातातली पळी कोकोत बुडाली.

"म्हणून जे चाललं आहे ते चालू असताना बघावं लागतं. घंटा मध्यंतराला. या एका शनिवारी. आणि एकदा घंटा झाली की सा ती सा. टीव्ही बंद, फोन बंद, कुणाचं काही ऐकून घेणार नाही."

माझंच वाक्य होतं ते, आणि बाबांच्या तोंडी किती भारदस्त वाटत होतं! सासूबाई पलीकडच्या खांबाआडून माझ्याकडे बघून भुवया उडवत होत्या.

घंटेचं काम एलियाकाकांचं. नीरफणसाच्या झाडाला रिकामं गॅस सिलिंडर टांगलेलं आहे, त्यावर लोखंडी गज मारायचा. बावीस वर्षं हे काम करताहेत, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. पण मध्यंतर घड्याळात दिसत नाही, ते मैदानावर दिसतं. म्हणून त्यांचा टीव्ही घराच्या कडेला, झाडाकडे तोंड करून ठेवला. आमचं घर त्यांच्या समोरच. आमच्याकडे भिंती नसतात, खांबच. त्यामुळे शनिवारी सहाला मला आमचा टीव्ही दिसत होता आणि टीव्हीपलीकडे गज हातात घेऊन ताठ उभे एलियाकाकाही दिसत होते.

मॅच सुरू झाली. गाव कसं श्वास रोखून होतं! टोंगाने पहिल्याच दहा मिनिटांत आमच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. सेमीसीने कपाळ धरलं. कॅमेरा राखीव खेळाडूंच्या बाकावरून फिरला तेव्हा मला पेनीचा फक्त कान दिसला. "कान! कान दिसला!" मी ओरडले, आणि लांगी माझ्या मांडीवर हसली.

"कुणाचा कान?" बाबांनी विचारलं. ते टीव्हीकडे पाठ करून बसले होते. मी बघत नाही, असं त्यांनी आधीच जाहीर केलेलं होतं.

"पेनीचा, बाबा."

"ठीक आहे ना कान?"

मग एकतिसावं मिनिट आलं. आमच्या लांबड्या खेळाडूने चेंडू हिसकावला आणि कडेकडेने सुटला. एक टोंगन चुकवला, दुसरा चुकवला, तिसऱ्याला अंगावर घेऊन तसाच घसरत गेला. चेंडू रेषेपलीकडे. ट्राय! अख्खं गाव उभं राहिलं. सेमीसी खांबाला मिठी मारून नाचायला लागला. बाबा वळले. आणि समोर एलियाकाकांनी दोन्ही हात वर करून आनंदाने आरोळी ठोकली आणि हातातला गज सिलिंडरवर हाणला.

ठण्ण!

एकदा नाही. चांगला तीनदा.

सगळं गाव जागच्या जागी थिजलं. एलियाकाका गजाकडे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मध्यंतराला अजून नऊ मिनिटं होती. पडद्यावर तो लांबडा खेळाडू उठत नव्हता, पाय धरून पडला होता, आणि कॅमेरा बाकाकडे वळत होता. एकवीस नंबरचा कुणीतरी जॅकेट काढत होता.

"बाबा!" मी म्हणाले. "बाबा, पेनी..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. पण ते म्हणाले, "घंटा झाली."

सेमीसीने टीव्ही बंद केला. समोरच्या घरातला बंद झाला, त्याच्यापुढचा, शाळेजवळचा. दिवे मालवावेत तसे आवाज मालवत गेले. सा कुणी मोडू नये म्हणून रस्त्यावर पहारा देणारी पोरं आपापल्या जागी उभी राहिली. आम्ही चटईवर मांडी घालून बसलो. सासूबाईंनी भजन सुरू केलं. तो आता पट्टी वर करत असेल. आत्ता. या ओळीला. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि लांगी ते बोटांनी पुसण्याऐवजी चाखत होती.

मग बाबांची प्रार्थना. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली, नेहमीसारखी, सावकाश. आजारी झाले. म्हातारे झाले. समुद्रावर गेलेल्यांपर्यंत आले असतील, तेवढ्यात खाडीपलीकडून लोतोवाईचा आवाज उठला. पाचशे माणसांची एकदम आरोळी. पाण्यावरून ती आमच्या घरातून आरपार गेली आणि डोंगराकडे निघून गेली.

चांगली होती की वाईट? आनंदाची होती की कुणी पडल्याची? मी डोळे उघडले. सेमीसीनेही उघडले होते. बाबांचे मिटलेलेच होते, पण ते थांबले होते. मंत्री यायचे होते अजून.

"आणि, प्रभू," ते भरभर म्हणाले, "फिजीत आमचा एक मुलगा आहे. त्याचे गुडघे सांभाळ. आमेन."

मंत्री नाहीत. विरोधी पक्ष नाही. या घरात इतकी छोटी प्रार्थना कधी झाली नसेल. एलियाकाका जणू वाटच बघत होते. आमेन त्यांना ऐकू गेलं असणार, कारण त्याच क्षणी सा सुटल्याची घंटा झाली. सेमीसीने झेप घेऊन टीव्ही लावला.

काळा डबा. हिरवा दिवा. कृपया थांबा.

"आधी चित्रात मुंग्या यायच्या," सासूबाई दात ओठ खात म्हणाल्या, "पण लगेच यायच्या!"

"थांबा म्हणतोय ना, आई."

"त्याच्या बापाला सांग थांबायला!"

आणि चित्र आलं. चिखल, पाठी, पाय, आणि त्या सगळ्याच्या खालून उठून येणारा, ओठ फुटलेला, दात काढून हसणारा माझा भाऊ. मी इतकी जोरात किंचाळले की रस्त्यावरचा पहारेकरी धावत आला. बाबा आता टीव्हीकडे तोंड करून, पडद्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

"चालतोय नीट," ते म्हणाले. "दोन्ही पायांनी."

दोन मिनिटांत मध्यंतर झालं, आणि पहारेकरी पोरं खांबाशी हजर. सभेचा ठराव तर मध्यंतराला घंटा असा होता, मग आता परत वाजवायची का, म्हणून एलियाकाकांनी विचारलं होतं. ते स्वतः यायला धजत नव्हते.

"दिवसाला एकच सा," बाबा म्हणाले. "आणि त्याला सांग, गज खाली ठेव."

दुसरा अर्धा भाग आम्ही सगळ्यांनी पाहिला, अख्खा. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि टोंगाचा एक धिप्पाड गडी सुसाट निघाला होता. त्याच्या वाटेत एकटा पेनी. माझ्या काठावरच्या कपड्यांवर पडायचा ना, अगदी तसा पडला तो त्याच्या पायांवर. धाडकन. चेंडू सुटला. शिटी झाली. गावातली सगळी कुत्री भुंकायला लागली, सेमीसी मला उचलतोय, सासूबाई लांगीला उचलताहेत. आणि पडद्यावर तो सरळ कॅमेऱ्याकडे आला, चिखलाने माखलेलं डावं मनगट वर केलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पट्टीवरचा चिखल पुसला. अक्षरं फिस्कटली होती, पण होती.

लांगीने पडद्यावर हात मारला. तिला वाटलं असेल, चिखल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. बाबा पलीकडे चटईवर आडवे झाले होते, डोळे मिटून.

"ताई, उतरलो तेव्हा दाखवली होती पट्टी," तो म्हणाला. "मग मैदानावरचं घड्याळ दिसलं, आणि म्हटलं, अरे, आपल्याकडे साडेसहा झालेत. ताईकडे सा चालू असणार. म्हणून शेवटी परत दाखवली. बरोबर केलं ना?"

सभा झाली, ठराव झाला, घंटा हलवली, एलियाकाकांना माशांच्या डब्यांच्या एका खोक्याचा दंड व्हायचा होता, आणि ती घंटा शेवटी रोजच्याच वेळेला वाजली होती. मला हसूच आवरेना.

"बरोबर केलंस," मी म्हटलं. "सा चालू होती. तू उतरल्यावर थोड्या वेळाने खाडीपलीकडे लोतोवाई का ओरडली रे? काय झालं होतं?"

"अगं, मला दोघांनी मिळून आपटलं. मला वाटलं, संपलं. गुडघा पूर्ण वळला होता खाली. आणि उठलो तर काहीच नाही! डॉक्टरपण बघत राहिला."

पलीकडे चटईवर बाबांनी एक डोळा उघडला.

"त्याला विचार," ते म्हणाले, "डावा की उजवा."