आईच्या कागदावरचा हुद्दा

ऑलिम्पिक रस्त्यावरच्या कोरियन वस्तीत आम्ही वर्षातून एकदा येतो आणि भांडून परत जातो. यंदा आईच्या वर्षश्राद्धाचं सामान न्यायचं होतं. अप्पा, आत्या, धाकटा ग्युहान आणि मी. बेकर्सफील्डच्या घरापासून अडीच तास, गाडीत कुणी आईचं नाव काढलं नाही.

तांदळाच्या वड्यांचं दुकान; श्राद्धाचं अख्खं ताटही बांधून देतात. ताटामागे उभा करायचा, गेलेल्या माणसाच्या नावाचा कागदही म्हातारे मालकच कुंचल्याने लिहून देतात.

"काय लिहू?"

"हामयांगच्या येओ घराण्यातली," अप्पा म्हणाले.

उभी ओळ. चिनी अक्षरं मला येत नाहीत. "हे वरचं काय?"

"जुन्या दरबारातल्या नवव्या श्रेणीच्या अधिकाऱ्याची बायको," मालक म्हणाले. " सगळ्या बायकांना हेच असतं, बाळ."

अधिकारी! अप्पांनी जन्मभर लाँड्री चालवली.

आई फार्मासिस्ट होती. चाळिशीत, दोन पोरं सांभाळून, परक्या भाषेत परीक्षा. नापास. नापास. पास.

"फार्मासिस्ट लिहा."

आत्या हसली. "खाली दुकानाची वेळपण लिहायची का?"

"आजोबांच्या कागदावर काय असतं, आत्या?"

"विद्वान."

"सुकी मासळी विकायचे. सही येत नव्हती."

"मेलेल्या माणसाबद्दल तोंड सांभाळ!"

"आईपण मेलीच आहे."

ग्युहान मध्येच, "ताई, पार्किंगची दहाच मिनिटं राहिलीत."

एकतीस वर्षं. कामावरून येऊन, पायातले मोजे न काढता, आई त्या विद्वानाच्या श्राद्धासाठी माशाची धिरडी करायची. आणि नमस्काराच्या वेळी ती आत, भांड्यांपाशी.

"तिची कधी हरकत नव्हती," अप्पा म्हणाले.

"तिला विचारलं कुणी?"

"तू विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मग तर डोकंच फिरलं. कुंचला उचलला, कोऱ्या कागदावर साध्या कोरियन अक्षरांत लिहिलं:

फार्मासिस्ट
येओ
ओकनान

शाई ओघळली.

"हा कागद माझ्या घरात उभा राहणार नाही," अप्पा म्हणाले.

"माझ्या घरात राहील."

"श्राद्ध मुलगा घालतो. दोन ठिकाणी पान वाढलं तर ती जाणार कुठे?"

"तिचं तिला ठरवू दे, अप्पा. एकदा तरी!"

सगळ्यांनी ग्युहानकडे पाहिलं. त्याने अप्पांचं पार्सल उचललं आणि बाहेर गेला. मागोमाग आत्या. मग अप्पा.

"आणखी एक ताट बांधा," मी मालकांना म्हणाले. "नाशपाती, वड्या, धिरडी, सगळं."

ते ओल्या शाईवर फुंकर घालत बसले.

बाहेर हॉर्न. पुन्हा हॉर्न.

"जा!" मी दारातून ओरडले. "जा ना! मी बसने येईन."