गोबो खायला घातला म्हणून

सुगामोच्या तुरुंगाशी बस थांबली, तेव्हा तोमिएच्या मांडीवरच्या डब्यातून तिळाच्या तेलाचा वास सुटला होता आणि शेजारचा माणूस दोनदा आवंढा गिळून खिडकीबाहेर बघत बसला होता. डब्यात गोबो होता. हे हातभर लांब, मातकट मूळ दिसायला अगदी वाळकी काटकी. पण सोलून, बारीक काड्या करून सोयात आणि साखरेत परतलं की तेवढ्यावर दोन वाट्या भात सहज जातो.

तोमिएच्या नवऱ्याला, शिगेहारुला, वीस वर्षांची शिक्षा झाली ती याच मुळापायी, हे त्यांच्या ओनाझावा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लढाईत तो उत्तरेकडच्या बंदरात, गोऱ्या कैद्यांच्या छावणीवर पहारेकरी होता. अन्नाची टंचाई. त्यानं दया येऊन आपल्या वाटणीचा गोबो कैद्यांना खायला घातला. त्या अडाण्यांना वाटलं, झाडाची मुळं चारताहेत. हरलो तेव्हा त्यांनी कोर्टात तेच सांगितलं, आणि शिगेहारु झाला युद्धगुन्हेगार!

गोष्ट मुळात पेपरात आली होती. तिच्यात छावणीचं नाव नव्हतं की माणसाचं. सासूबाईंनी ती तोमिएकडून तीनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "हा आपलाच. माझा शिगे लहानपणापासून दुसऱ्याला वाढून मग स्वतः जेवायचा." तोमिएला आठवत होतं ते नेमकं उलटं. पण सासूच्या तोंडाला कोण लागणार? शिवाय गोष्ट चांगली होती. तिच्या आधी तोमिए विहिरीवर गेली की बाया गप्प व्हायच्या; गोष्टीनंतर त्या तिची बादली ओढून द्यायला लागल्या.

आज तिची दोन कामं होती. आता कैद्यांना पाच दिवस घरी जाऊ देत होते. बायकोनं 'पाठवा' म्हटलं की झालं, आणि ते तिला आज संध्याकाळपर्यंत उसामी नावाच्या पहारेकऱ्याला सांगायचं होतं. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. सासूबाईंनी गाद्यांना कधीच ऊन दाखवलं होतं. दुसरं काम दुपारचं. तुरुंगामागच्या देवळाच्या दिवाणखान्यात कैद्यांच्या घरच्यांची सभा होती, आणि तिथं तोमिएला गोबोची गोष्ट सांगायची होती. याआधी तीन सभांत सांगून झाली होती.

भेटीला अवकाश होता, म्हणून ती फाटकाजवळच्या हात्सुकाकूंच्या चहाच्या टपरीवर टेकली.

"गर्दी आहे हो आज," ती म्हणाली.

"मंत्री येऊन गेला सकाळी. भिंतीला वाकून नमस्कार केला!" हात्सुकाकूंनी चहा पुढे सरकवला. "याच भिंतीआड माझ्या नवऱ्याला कोंडलं होतं, लढाईच्या आधी. पुस्तकं वाचायचा म्हणून. तेव्हा गल्लीतला टोफूवाला मला टोफू देत नसे. म्हणून ही टपरी टाकली. म्हटलं, निदान त्याच्या दाराशी तरी बसू. लढाई संपली, अमेरिकन आले, तो सुटला. महिना-दोन महिने झाले असतील-नसतील, अमेरिकनांनी त्याला कोंडणाऱ्यांनाच आत घातलं. मी इथंच. मग एका डिसेंबरात त्यांतल्या काहींना आत फाशी झाली, तेव्हा अख्खी गल्ली दिवे न लावता जागी होती. आता अमेरिकन गेले, किल्ल्या पुन्हा आपल्या हातात, आणि टोफूवाला आतल्यांसाठी फुकट टोफू पाठवतो."

"मग तुमचे यजमान..."

"सुटला आणि दोन वर्षांत छातीच्या रोगानं गेला. त्याला कुणी नमस्कार केला नाही. बरं केला असता तर तोच ओरडला असता." त्या हसल्या. "मला विचारशील तर काही कळत नाही बघ. चहा मात्र सगळे पितात."

आत पूर्वीसारखी जाळी नव्हती. हिरवळीवर चटया टाकून कुटुंबं सहलीला आल्यासारखी बसली होती. शिगेहारु इस्त्रीचा सदरा घालून आला. दिवसा तो शहरात एका छापखान्यात कामाला जायचा आणि संध्याकाळी तुरुंगात परतायचा. वाटेत उसामीनं त्याला सलाम ठोकला, यानंही ठोकला. कोण कोणाचा पहारेकरी, तोमिएला क्षणभर उमजेना.

त्यानं डबा उघडला आणि लगेच झाकला.

"दुसरं काही आहे?"

"का हो? दाढ दुखतेय?"

"हे नको. देऊन टाक कुणाला तरी."

"अहो, तुमच्या नावानं चार गावांत शिजतोय हा!"

"माझ्या नावानं?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. तिनं सांगितलं, सभेत सांगायची तसंच, हातवाऱ्यांसकट. सुरुवातीला तो एकदा हसला. नंतर नाही.

"पेपरात माझं नाव होतं?"

"नाव नव्हतं. आई म्हणाल्या, हा आपलाच."

शिगेहारु गवत उपटत राहिला. "गोबो होता," तो म्हणाला. "पण मी दिला म्हणून नाही. त्यानं खाल्ला म्हणून."

"कुणी?"

"एक डच होता. आमच्या मुदपाकखान्यामागे वाफे होते, पहारेकऱ्यांपुरते. तिथं शिरून त्यानं नखांनी माती उकरली आणि गोबो उपटून खाल्ला. कच्चा. मातीसकट."

"मग?"

"मग काय. मारलं त्याला."

तोमिएनं आजूबाजूला बघितलं. शेजारच्या चटईवर एक पोरगी वडिलांच्या पाठीवर घोडा-घोडा खेळत होती. "मारलं म्हणजे?" तिनं आवाज खाली आणला. "मारलं, की... मारून टाकलं?"

"तेच तर मला कळत नाही." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. "आम्ही चौघं होतो. बांबू होते. तो उठून चालत गेला, हे मी पाहिलं. दोन दिवसांनी गेला. आमचा डॉक्टर म्हणाला, हगवणीनं. त्यांचा साक्षीदार म्हणाला, याच्या काठीनं. माझा वकील म्हणाला, त्यांना आपले सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात. तेव्हा मला ते पटलं. अजूनही कधी कधी पटतं. जेवायला बसलो की नाही पटत."

"इतकी वर्षं बोलला नाहीत."

"तू कधी विचारलंस? तू विचारायचीस, पांघरूण पुरतं का."

ते खरंच होतं. पुरतं का, हे तिनं दर भेटीत विचारलं होतं. घंटा झाली. तो उठला, गुडघे झटकले, आणि परक्या घराच्या दारात उभं राहून विचारावं तसं म्हणाला, "मग... येऊ का मी?"

ती डबा पुन्हा फडक्यात बांधत राहिली. तोवर उसामीनं सगळ्यांना बाहेर काढलं.

देवळात माणसं दाटीवाटीनं बसली होती. सभा चालवणाऱ्या मुराओकाबाईंनी तोमिएला हाताला धरून पुढे नेलं. "या आपल्या ओनाझावाच्या तोमिएताई. गोबोवाल्या!" टाळ्या पडल्या. काही बायांनी रुमाल आधीच काढून ठेवले.

तोमिएनं सुरुवात केली. बंदर, बर्फ, रिकामी कोठारं. पाठ झालेले शब्द तिच्या तोंडून आपोआप येत होते आणि ती ते शेजारणीचं ऐकावं तसं ऐकत होती.

"...आणि ह्यांनी त्या कैद्याला गोबो..." ती थांबली.

"खायला घातला!" अख्ख्या दिवाणखान्यानं तिच्यासाठी वाक्य पुरं केलं.

"नाही," तोमिए म्हणाली. "त्यानं चोरून खाल्ला. म्हणून ह्यांनी मारलं. तो गेला. ह्यांच्या मारानं गेला की नाही, ते ह्यांनाही माहीत नाही. मी आत्ताच विचारून आले."

मुराओकाबाई चटकन उठल्या. "तोमिएताई लांबून आल्यात, दमल्यात..."

"थांबा थांबा," मागून एक टकले आजोबा उभे राहिले. "चोरी केली म्हणाली ना ती? त्या उपासमारीत? पहारेकऱ्यांच्या तोंडचा घास?"

"हो, पण..."

"ऐकलंत? चोराला शिक्षा केली म्हणून वीस वर्षं! हा न्याय?"

"अहो आजोबा, तसं नाही. तो उपाशी होता..."

"आपण सगळेच उपाशी होतो, पोरी!" आजोबांनी छातीवर हात मारला, आणि रुमाल वर गेले. पहिल्या रांगेतल्या बाईनं तोमिएचा हात दाबला. "किती सोसलंत हो." मग टाळ्या सुरू झाल्या, मघापेक्षा जोरात. तोमिए 'तसं नाही, तसं नाही' म्हणत राहिली आणि टाळ्यांत तिचं तिलाच ऐकू येईना. ती पायऱ्या उतरून चपला शोधत होती, तेव्हा आत पुढचा वक्ता चोराची गोष्ट सांगायला लागलाही होता, आणि त्याच्या गोष्टीत डच माणसानं आता अख्खा वाफा फस्त केला होता.

फाटकाशी उसामी टपरीला टेकून चहा पीत होता.

"काय ठरलं, वहिनी? पाठवू ना? गावात तार करतो, कमान-बिमान उभारतील. परवा एकाला तर बँड होता."

"तार नको."

"म्हणजे पाठवू नको?"

"तसं नाही म्हटलं मी." तिनं कपाळ पुसलं. "पाठवा. पण गावाला कळवू नका. शेवटच्या गाडीनं येऊ दे, स्टेशनवर मी एकटी जाईन. चालत दोन तास लागतात घरी. वाटेत कुणी नसतं."

"वहिनी, वीस वर्षांची शिक्षा झालेला माणूस पाच दिवसांसाठी येणार, आणि तुम्ही त्याला अंधारात चालवत नेणार?"

"घरी सासूबाई आहेत. त्यांच्यासमोर विचारता यायचं नाही."

"काय विचारायचंय?"

"त्याचं नाव काय होतं. तो उठून चालत कुठवर गेला. बांबू आधी कुणी उचलला." ती बोलता बोलता अडखळली. "आणि ह्यांनी सांगितलं, की मग मी काय करायचं, ते मला माहीत नाही."

उसामीनं उरलेला चहा संपवला. त्यानं सवयीनं सलाम ठोकला, कोणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि आत गेला. फाटक लागलं.

तोमिए बसच्या खांबाकडे चार पावलं गेली आणि परत आली.

"काकू, मी आत्ता हो म्हटलं ना?"

"म्हटलंस. मी इथंच होते."

"का म्हटलं?"

"ते मला काय विचारतेस, बाई?" हात्सुकाकू कप विसळत म्हणाल्या. "बस आली बघ तुझी. पळ."