डॉक्टरांना दिवस गेले

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग, खिडक्यांत माणसं आणि समोर गादीवर पाळणावाली आई. तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. रिकाम्या घरात ती पाळणा हलवते, एवढं मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

माझी धाकटी जाऊ तिच्यासमोर बसली होती. काही दिवसांपूर्वी आईच्या चेल्याने तिला ‘शक्तीची सुई’ टोचली होती. आता आईने जावेच्या लघवीत चाचणीची पट्टी बुडवली आणि उंच धरली. दोन लाल रेघा. हॉल टाळ्यांनी दणाणला, सासूबाईंना रडू आवरेना.

मला हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानातून दुसरी पट्टी आणली. तिच्यावरही दोन रेघा उमटल्या आणि माझं तोंड बंद झालं.

आईचे नियम कडक होते. दर आठवड्याला सुई घ्यायची. सोनोग्राफी करायची नाही, कारण कृपेची बाळं लाजाळू असतात, यंत्र दिसलं की दडून बसतात. जाऊ रोज घ्यायची त्या थायरॉईडच्या गोळ्या बंद, त्या बाळाला कडू लागतात. आणि मनात शंका आणली, तर बाळ आल्या पावली परत जातं. म्हणजे झालं तर पुण्य आईचं, नाही झालं तर पाप बाईचं.

जाऊ छापखान्यात पुस्तकं बांधायची. सासूबाईंनी तिला कामावर जाऊ दिलं नाही. तिचा चेहरा सुजला, वजन वाढलं, दिवसभर झोप येऊ लागली. बघणारे म्हणत, डोहाळे कडक दिसतात. एके दिवशी ती मोरीतच कोसळली. मी कुणाला न विचारता तिला रिक्षात घातलं आणि आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर काहीच नव्हतं. गर्भ नव्हता, कधी राहिलाच नव्हता. सूज आणि सुस्ती थायरॉईडच्या गोळ्या बंद केल्याची होती. जाऊ रडली नाही. मग तिने विचारलं, “मग त्या रेघा?”

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. गर्भ राहिला की शरीरात एक संप्रेरक तयार होतं, पट्टी तेवढंच ओळखते. तेच संप्रेरक इंजेक्शनच्या रूपानेही मिळतं. वंध्यत्वाच्या उपचारात डॉक्टर ते वापरतात. सुईतून ते शरीरात गेलं की पट्टी फसते. सुई दर आठवड्याला का, तेही उघड होतं. जोर ओसरला असता, तर दुसरी रेघ पुसली गेली असती.

“सुई कुणालाही दिली तरी रेघा येतील?” जावेने विचारलं.

“मला दिली तरी येतील,” डॉक्टर म्हणाले.

“मग घ्या तुम्ही.”

डॉक्टर आधी हसले. तिचा चेहरा पाहून हसू थांबलं, आणि त्यांनी खरंच ते इंजेक्शन स्वतःला टोचून घेतलं.

पुढच्या सभेला आम्ही तिघं गेलो. डॉक्टर मागे पुरुषांत बसले. जावेने बाटली पुढे केली. आईने पट्टी बुडवली, हात वर केला आणि गोड आवाजात सांगितलं की बाळ सुखरूप आहे, बाळसं धरतंय.

“बाळ कुणाचं?” जाऊ म्हणाली. “ही लघवी माझी नाही. त्या आजोबांची आहे.”

पांढऱ्या मिशांचे डॉक्टर उठून उभे राहिले. हास्याचा स्फोट झाला. चेला ओरडला, बाटली बदलली. डॉक्टर म्हणाले, दोन माणसं माझ्यासोबत पाठवा. ते हॉलच्या मोरीत गेले आणि त्या दोघांच्या देखत नवी पट्टी भिजवून आणली. दोन रेघा. पाळणावाली आई एवढंच पुटपुटली, की तिच्या कृपेला स्त्री-पुरुष असा भेद नाही.

लोक पुन्हा हसले. पण पुढच्या रांगेतली एक बाई हसली नाही. पोटावर हात ठेवून तिने हळूच विचारलं, “मग माझ्या पोटात काय आहे?”

हसू विरलं. डॉक्टरांनी सुईचं गुपित उलगडून सांगितलं. आईने आवराआवर सुरू केली, तेव्हा बायकाच दारात उभ्या राहिल्या. पोलीस येईपर्यंत त्यांनी वाट सोडली नाही.

घरी सासूबाई कडवटपणे म्हणाल्या, निदान आशा तरी होती, तीही घालवलीस. जाऊ शांतपणे म्हणाली, “मूल होईल, नाही तर नाही होणार. पण माझ्या पोटाबद्दलचं खोटं मी यापुढे ऐकून घेणार नाही. आणि तपासणी माझ्या एकटीची होणार नाही.”

दीर इतकी वर्षं गप्प बसला होता. दुसऱ्या सकाळी तो तिच्याबरोबर निघाला, मान खाली घालून का होईना.

मूल न होणं हा गुन्हा नाही, शापही नाही. ती शरीराची गोष्ट आहे, आणि शरीर दोघांचं असतं. जो तुम्हाला तपासू नका, विचारू नका, शंका घेऊ नका असं सांगतो, त्याच्यावर पहिली शंका घ्या.