कोंडाबाईच्या गादीखालची ओल

मित्रांनो, पिंपळवंडीच्या शिवारात ओढ्याकडं जाणाऱ्या वाटेवर विटांच्या ढिगावर टेकवलेली एक बिनचाकांची बस तुम्ही पाहिली असेल. तुमच्यातल्या काहींनी तिच्या काचांवर दगडही मारले आहेत. ती बस म्हणजे मी. आज माझ्या पोटात कांद्याच्या रिकाम्या गोण्या आणि उंदीर राहतात. पण एके काळी माझ्यात एक अख्खं घर राहत होतं. त्या घराचीच गोष्ट मला सांगायची आहे. ती गोड नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तरुणपणी मी कामगारांना पाळीवर नेत असे आणि पाळी सुटली की आणत असे. इंजिन थकलं तसं मला विकायला काढलं आणि सोपाननं मला घेतलं. सोपान जत्रांमधून आकाशपाळणा लावायचा. पौषापासून वैशाखापर्यंत जुन्नर आणि आंबेगावच्या गावोगावच्या जत्रा करायच्या, म्हणजे चार-पाच महिने घराबाहेर. तंबूत राहून त्याची बायको इंद्रायणी कंटाळली होती. त्यानं नारायणगावच्या एका गॅरेजात माझ्या सीटा काढल्या आणि झोपायला बाक केले, स्टोव्हला ओटा केला. टपावर पाण्याची टाकी बसवली. टाकीपासून दोन नळ्या निघाल्या. एक ओट्याच्या नळाला आली. दुसरी, टाकी भरून वाहू लागली की जादा पाणी खाली सोडायला, माझ्या मागच्या कोपऱ्यातून जमिनीकडं गेली. वरून सगळीकडं प्लायवूड ठोकलं, त्यामुळं आतून एकही नळी दिसेना.

पहिल्याच जत्रेत खेळणीवाले आणि मिठाईवाले मला बघायला आले. एकानं आत डोकावून म्हटलं, "सोपानराव, हे तर चालतं घर झालं की." मला फार बरं वाटलं. माणसं आपल्या पोटात स्वयंपाक करतात आणि झोपतात, हे सुख कामगारांच्या पाळीत कुठं होतं?

मागच्या कोपऱ्यातला बाक सोपानच्या आईचा होता. कोंडाबाई तिचं नाव. नवरा लवकर गेल्यावर तिनं चार खोक्यांचा लाकडी पाळणा स्वतःच्या हातानं फिरवून सोपानला वाढवलं होतं. आता लोखंडी पाळणा आला, मोटार आली, तरी प्रत्येक खोक्याची कडी तीच लावायची. सोपाननं लावलेल्या कडीवर तिचा विश्वास नसे. तिच्या हातून पाळण्यात बसलेलं एकही पोर कधी पडलं नाही. स्वच्छतेचंही तिला वेडच होतं. सगळ्यांच्या आधी उठून ती मला झाडायची, ओल्या फडक्यानं माझ्या काचा पुसायची, आणि आपली वळकटी बांधून मगच चहाला बसायची.

एका वर्षी सोपाननं छोटा टीव्ही आणला. तो ठेवायला त्यानं आईच्या बाकाच्या वर एक फळी स्क्रूनं बसवली. त्यातला एक स्क्रू प्लायवूडच्या आरपार जाऊन मागच्या जादा पाण्याच्या नळीत शिरला. ते सोपानला कळणं शक्य नव्हतं. त्या वेळी नळी कोरडी होती आणि स्क्रू भोकात घट्ट बसला होता. पुढं तो गंजला. नळीचं खालचं तोंडही वाटेवरच्या चिखलानं बुजलं. मग संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली की जादा पाणी त्या नळीत अडून राही आणि स्क्रूच्या कडेनं थेंब थेंब प्लायवूडच्या मागं झिरपे. तिथून ते माझ्या लोखंडी पट्टीवरून सरकत बाकाच्या फळीत उतरे आणि कोंडाबाईची गादी खालून भिजवी. मला ते सगळं कळत होतं. सांगायला मला तोंड नव्हतं.

पहिल्या दिवशी इंद्रायणीनं सरळ मनानं विचारलं. "आत्याबाई, इथं काही सांडलं का?"

"न्हाई गं. तांब्या तर तिकडं ओट्यावर हाय," कोंडाबाई म्हणाली आणि स्वतःच गादी उचलून उन्हात टाकून आली.

दुसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हाही इंद्रायणीनं विचारलं. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. ती नुसती गादी उचलायची आणि तोंड फिरवायची. ओल्या कापसाला कुबट वास येतो. त्या वासाचा अर्थ तिनं आपल्या मनानं लावला.

सोपाननं पाहिलं नाही असं नाही. एका दुपारी त्यानं ओट्याखाली वाकून नळाची नळी शेवटपर्यंत चाचपली. जादा पाण्याची नळी प्लायवूडमागं झाकलेली होती, आणि दुपारपर्यंत टाकी निम्मी झालेली असल्यानं तिकडंही थेंब दिसत नव्हता.

"नळी तर कोरडी हाय," तो म्हणाला.

"मंग?" इंद्रायणीनं विचारलं.

सोपाननं आईच्या बाकाकडं पाहिलं. कोंडाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

मित्रांनो, जत्रेत भिंती नसतात. माझ्या मागं रोज एकच गादी वाळत पडते, हे शेजारच्या बांगडीवालीनं पाहिलं. ती इंद्रायणीला म्हणाली, "म्हातारपण लई वाईट बघ, बाई." कोंडाबाई पाळण्याच्या कड्या लावत होती. ते शब्द तिच्या कानावर गेले. त्या दिवसापासून ती पाळण्याजवळ जाईना. तिला वाटे, आपल्या अंगाला वास येत असेल आणि पोरांच्या आया नाकाला पदर लावतील.

मग सोपाननं प्लास्टिकचा कागद आणला. आईच्या हातात देताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "गादीवर घाल, वर गोधडी घाल. कुणाला काय कळायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी गादी ओलीच निघाली. पण त्या दिवशी कोंडाबाईचा चेहरा उजळला होता. तिनं सोपानला हाताला धरून माझ्यात आणलं. "हे बघ. वरची गोधडी कोरडी हाय. कागद कोरडा हाय. गादी तेवढी खालून ओली झालीया. हात लावून बघ की."

मला वाटलं, आता हा बाकाची फळी उचलणार. पण बाहेर पाळण्याची मोटार बंद पडली होती, माणसं खोळंबली होती. सोपाननं हात लावला नाही. "कागद सरकला आसंल रात्री," तो म्हणाला. "कडेनं गेलं आसंल खाली. र्‍हाऊ दे आता, आये. आमी काय बोललो का तुला?"

कोंडाबाईनं त्याचा हात सोडला. मोटार दुरुस्त करायला तो निघून गेला. तिनं एकटीनंच गादी उचलली आणि उन्हात टाकली. मला वाटतं, तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला तो तेव्हा. मुलगा म्हणतो, सून म्हणते, बांगडीवालीही म्हणते, मग आपलंच काही चुकत असेल.

तिनं पाणी पिणं तोडलं. आधी संध्याकाळचं सोडलं, मग दुपारचं. चहाचा कप ती हळूच नातीच्या, हर्षालीच्या, पुढं सरकवायची. ऊन तर चैत्राचं. माझा पत्रा तापून हात लावू देत नव्हता आणि आत ही म्हातारी कोरड्या ओठांनी बसलेली. तरी गादी ओलीच. एकदा ती म्हणाली, "मी आपली पाळण्याखाली भुईवर निजते." सोपान म्हणाला, "आईला बाहेर टाकली म्हणतील लोक." ती बाहेर निजली असती, तर दुसऱ्या दिवशीच सगळ्यांना समजलं असतं. पण लोकांच्या भीतीनं तेही राहिलं.

पेठच्या जत्रेत ती भर दुपारी माझ्या पायरीवरून खाली कोसळली. दवाखान्यात सलाईन लावलं. "पाणी किती पिता आजी?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर ती नुसती पदराचं टोक पिळत राहिली. हे मला इंद्रायणीच्या बोलण्यातून कळलं. ती थोडी हिंडूफिरू लागली तसं त्यानं ठरवलं की तिला तिच्या भावाकडं, डिंभ्याला ठेवायचं. तिकडच्या एसटीचा नेम नाही, म्हणून तो मलाच घेऊन गेला.

गेणभाऊ धरणात जाळं टाकून मासे धरायचा. बहिणीला पाहून त्याला आनंद झाला. सोपाननं त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात काही सांगितलं. गेणभाऊनं खाली पाहत मान हलवली. ते सांगणं कोंडाबाईनं पाहिलं. इंद्रायणीनं गादी उतरवायला घेतली, तेव्हा ती म्हणाली, "गादी नगं. दादाच्या घरात घाण कशाला? एखादं गोणपाट दे, धुवायला सोपं पडंल."

इंद्रायणीनं गोणपाट दिलं. कोंडाबाई माझ्याकडं वळली. रोज पुसायची त्या काचेवर धूळ होती, ती तिनं पदरानं पुसली आणि घरात गेली.

पुढच्या जत्रेत मोकळ्या झालेल्या बाकावर इंद्रायणीनं हर्षालीला निजवलं. गादी धुऊन, कापूस पिंजून नवी केली होती. सकाळी पोरीचा फ्रॉक पाठीकडून ओला होता.

"एवढी घोडी झालीस आन्..." इंद्रायणीनं हात उगारला.

"मी न्हाई केलं," हर्षाली म्हणाली. "मला खालून गार लागत व्हतं."

इंद्रायणीचा हात तिथंच थांबला. तिनं मुलीकडं पाहिलं, मग बाकाकडं. त्या रात्री ती स्वतः तिथं निजली. सकाळी उठली तेव्हा तिचं लुगडं कमरेपासून ओलं होतं. तिनं बाकाच्या फळीवरून हात फिरवला आणि वर टपाकडं पाहिलं. सोपान चहा मागायला आला, तर त्याला म्हणाली, "आज टाकी भराल तवा तिच्यात नीळ टाका."

"प्यायच्या पाण्यात?"

"प्यायचं मी हंड्यात काढून ठेवलंय. तुमी टाका."

दुसऱ्या दिवशी गादी उलटी केली, तर तिच्या पोटाशी परातीएवढा निळा डाग होता. सोपाननं कटावणी आणली आणि टीव्हीची फळी उखडून, प्लायवूड काढलं. आत लाकूड काळं पडून भुगा झालं होतं. नळीत त्याचाच स्क्रू गंजून बसला होता आणि त्याच्या कडेला एक निळा थेंब धरत होता. तो दोघांच्या डोळ्यांसमोर फुगला आणि पडला. मग दुसरा धरला. सोपान त्या थेंबांकडं पाहत तसाच गुडघ्यावर बसला. इंद्रायणी म्हणाली, "आत्याबाईंनी तुमाला हात लावून बघा म्हटलं व्हतं."

ते त्याच दिवशी डिंभ्याला निघाले. सोपान गादी खांद्यावर घेऊन गेणभाऊच्या अंगणात गेला. कोंडाबाई ओट्यावर जाळ्याची गाठ सोडवत बसली होती. फार वाळली होती. सोपाननं गादी तिच्यापुढं उलटी टाकली आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याला रडू आलं. इंद्रायणी पायाशी वाकली. "आत्याबाई, चला घरी. माझं चुकलं."

कोंडाबाईनं त्या निळ्या डागावरून हात फिरवला. "कसं सापडलं?" तिनं विचारलं.

इंद्रायणीनं हर्षालीचं सांगितलं.

"पोरगी न्हाई म्हटली आन् तू तिथं निजून बघितलंस," कोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बरं केलंस. लेकराचं ऐकावंच. मी न्हाई म्हटलं तवा मला कागद आणून दिला."

गेणभाऊनं पाण्याचा तांब्या बहिणीपुढं ठेवला. तिनं सोपानला सांगितलं, "जा तुमी. जत्रा बुडंल. मी हितं बरी हाय."

सोपाननं नळी बदलली. नवं प्लायवूड ठोकलं. पुन्हा कधी एक थेंब गळला नाही. दरवर्षी तो मला डिंभ्याला न्यायचा आणि आईला म्हणायचा, "नुसती आत येऊन बघ तरी." ती दारापर्यंत यायची, माझ्या पायरीशी उभी राहून हर्षालीशी बोलायची, पण तिनं पाय वर ठेवला नाही. आणखी काही वर्षांनी ती डिंभ्यालाच वारली. दहाव्याला गेणभाऊ सोपानला म्हणाला, "नवी गादी शिवून आणली व्हती तिच्यासाठी. येक दिस निजली न्हाई तिच्यावर. शेवटपतूर गोणपाटावरच. मी म्हणायचो, अगं, तुझं कायबी नव्हतं, नळी गळत व्हती. ती म्हणायची, ठाऊक हाय मला. पर माझा मला भरवसा न्हाई."

पुढं शहरातून दिव्यांचे मोठे पाळणे येऊ लागले आणि सोपानचा धंदा बसला. त्यानं मला इथं आणून उभं केलं. माझी चाकं कुणी नेली, इंजिन कुणी नेलं, याचं मला आता काही वाटत नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, मला जपा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझी वेळ होऊन गेली. फक्त एवढं करा. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस हळू आवाजात "हे मी केलं नाही" असं म्हणालं, तर बाहेर कितीही माणसं खोळंबली असली तरी थांबा, खाली वाका आणि गादीखाली हात घालून बघा.